अरगॉनचे ८६४ अणू: रेणूंचं गणित वर्गापर्यंत कसं आलं

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटेखानी समारंभ झाला. अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि घोषणा झाली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेची. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. पुढच्या काही दशकांत ‘एमआयडीसी’ ही अक्षरं गावोगावच्या पाट्यांवर चढली. ठाण्यापासून डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत रसायनं, रंग आणि औषधं बनवणारे कारखाने उभे राहिले. त्यांच्या प्रयोगशाळांत काम करणारी माणसं रसायनशास्त्र शिकून आलेली होती. काही माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान विभागातली, बरीचशी मुंबई-ठाणे-कल्याणच्या कॉलेजांतली. बेन्झीनचा षट्कोन ती डोळे मिटून काढत. तो षट्कोन ज्याचं चित्र आहे तो रेणू क्षणभरही स्वस्थ नसतो, थरथरतो, गिरक्या घेतो, शेजाऱ्यांवर आदळतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं. ते पाहण्याची सोय मात्र कुठल्याच वर्गात नव्हती.

योगायोग असा, की ज्या वर्षांत ही औद्योगिक वसाहत आकार घेत होती, नेमक्या त्याच वर्षांत जगातल्या दोन-चार प्रयोगशाळांत रेणूंना आकडेमोडीने हलवण्याचं शास्त्र जन्माला येत होतं. त्या शास्त्राचा वर्गापर्यंतचा प्रवास साठ वर्षांचा आहे. त्यात एक हैदराबादचा माणूस आहे, कुलाब्याचं एक अवाढव्य यंत्र आहे, पुणे विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे, पवई आणि मानखुर्दच्या संस्था आहेत. मराठी मुलाच्या हातात रेणू देण्याचं काम त्यांतल्या प्रत्येकाने थोडं थोडं पुढे नेलं. ते अजून पुरं झालेलं नाही, म्हणून हा इतिहास आज सांगायचा.

लाकडी चेंडूंचे दिवस

रेणू दाखवण्याची धडपड संगणकाच्या शंभर वर्षं आधीपासूनची आहे. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना ऑगस्ट हॉफमन या जर्मन रसायनतज्ज्ञाने क्रोके खेळाचे लाकडी चेंडू रंगवून आणले आणि ते सळ्यांनी जोडून श्रोत्यांसमोर रेणू उभे केले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा. आज कुठल्याही रेणुचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑक्सिजन लालच दिसतो आणि नायट्रोजन निळाच. ही रंगांची वहिवाट हॉफमनपासून चालत आली आहे.

चेंडू-काड्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलं. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ती पेटी असायची आणि मिथेनचा चतुष्फलक हातात घेऊन फिरवला की बंधकोनाची कल्पना खरोखरच डोक्यात बसायची. पण त्या रेणूला तापमान नव्हतं. तो वितळत नव्हता, उकळत नव्हता, शेजारच्या रेणूला ओढत किंवा ढकलत नव्हता. रसायनशास्त्रातले निम्मे प्रश्न मात्र याच हालचालीचे आहेत. मीठ पाण्यात का विरघळतं? अत्तराचा वास खोलीभर कसा पसरतो? बर्फ पाण्यावर का तरंगतो? स्थिर मॉडेलजवळ यांची उत्तरं नव्हती.

द्रवपदार्थाचं कोडं तर शास्त्रज्ञांनाही अवघड होतं. स्फटिकात अणू रांगेने बसतात, वायूत ते एकमेकांपासून लांब असतात. दोन्हींचं गणित जमतं. द्रवात दाटीही आहे आणि बेशिस्तही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जे. डी. बर्नाल यांनी द्रवाची रचना समजावी म्हणून चेंडू आणि सळ्या हातानेच जोडून मोठमोठाली मॉडेलं बनवली. त्याच सुमाराला, १९५७ मध्ये, अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्नी ऑल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कठीण गोळे संगणकात ठेवले, त्यांना वेग दिला, टकरी मोजल्या. अणू कागदावर न राहता काळाबरोबर पुढे सरकू लागले.

हैदराबादचे रहमान

कठीण गोळ्यांना एकमेकांचं आकर्षण नसतं; खऱ्या अणूंना असतं. ती त्रुटी भरून काढणारा माणूस हैदराबादेत जन्मला होता. अनीसूर रहमान यांचा जन्म १९२७चा. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत (ते नाव जंगलावरून आलेलं, वायूशी त्याचा संबंध नाही) त्यांनी द्रवरूप अरगॉन वायूचं जे सिम्युलेशन केलं, त्यावर आजही या शाखेचे विद्यार्थी पहिला धडा गिरवतात.

त्यांची मांडणी समजून घेण्यासारखी आहे, कारण शिकवण्याच्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आजही तीच आहे. रहमान यांनी सुमारे साडेतीन नॅनोमीटर बाजूचा एक काल्पनिक घन घेतला आणि त्यात अरगॉनचे ८६४ अणू ठेवले. तापमान ९४.४ केल्विन, म्हणजे उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास. दोन अणू फार जवळ आले तर एकमेकांना जोरात ढकलतात, थोडे दूर असले तर हलकेच ओढतात, आणखी दूर गेले तर जवळपास विसरतात. या वागण्याचं सूत्र लेनर्ड-जोन्स यांच्या नावाने ओळखलं जातं. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचं एकूण बल किती ते काढायचं, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याचं त्वरण काढायचं, अणू किंचित पुढे सरकवायचा आणि सगळा हिशेब पुन्हा मांडायचा. ‘किंचित’ म्हणजे सेकंदाचा शंभर लाख कोटीवा भाग. तेवढ्या वेळात अरगॉनचा अणू स्वतःच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतकाही हलत नाही.

८६४ अणूंच्या जोड्या भरतात तीन लाख बहात्तर हजारांवर. लांबच्या जोड्या वगळल्या तरी दर पावलाला उरणारा हिशेब माणसाच्या आवाक्याबाहेरचा. रहमान यांनी त्यासाठी सीडीसी ३६०० हा संगणक वापरला. आलेल्या निष्कर्षांतून द्रवातले अणू एकमेकांभोवती कसे रचले जातात आणि किती वेगाने विखुरतात हे काढलं, तर ते प्रत्यक्ष प्रयोगांशी चांगलं जुळलं. शाळेत शिकवला जाणारा न्यूटनचा नियम आणि आकर्षण-प्रतिकर्षणाचं एक साधं सूत्र, एवढ्या सामग्रीतून द्रवपदार्थ तयार झाला होता. पुढे १९७१ मध्ये रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी पाण्याच्या २१६ रेणूंवर हाच प्रयोग केला, आणि पाण्याच्या आतली हायड्रोजन बंधांची जाळी आकडेमोडीत उमटली.

ज्या वर्षी रहमान यांचा निबंध छापला गेला, त्याच १९६४ साली त्याच जातीचा सीडीसी ३६०० मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसवला गेला. त्याआधी या संस्थेने १९६० मध्ये स्वतःच्या हाताने ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला होता. सीडीसी ३६०० आल्यावर देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक आपली कामं घेऊन कुलाब्याला येऊ लागले. फोरट्रानमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम, छिद्रं पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा, रांग, आणि मग कागदाच्या लांबच लांब पट्टीवर छापून आलेले आकडे. अणू हलवणारं यंत्र महाराष्ट्रात आलं होतं. पण ते अख्ख्या देशाच्या संशोधनाला पुरवायचं होतं. बी.एस्सी.च्या वर्गात शिकवण्यासाठी त्यावर वेळ मिळणं कल्पनेतही नव्हतं. त्यातून निघणारे आकडेसुद्धा शेवटी आकडेच. ते वाचून डोळ्यांपुढे रेणू उभा करायला तज्ज्ञाचीच नजर लागे.

पुण्याची परंपरा

१९८०च्या दशकात देशाला महासंगणकाची निकड भासली आणि परदेशातून तो मिळवताना अडथळे आले. त्यातून मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे. एक प्रचंड प्रोसेसर बनवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचं, असा मार्ग त्यांनी निवडला. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच सुमाराला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ‘अनुपम’ हा समांतर संगणक घडत होता.

यंत्र बनलं तरी त्यावर चालवायला भारतीय हातांनी लिहिलेली सॉफ्टवेअर हवी होती. परमच्या रचनेला बाहेरचे तयार प्रोग्रॅम जसेच्या तसे लागू पडत नव्हते. इथे पुणे विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग पुढे आला. प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांचे विद्यार्थी रेणूभोवतीच्या विद्युतविभवाचा, म्हणजे रेणूच्या कोणत्या बाजूला धन प्रभार खेचला जाईल आणि कोणत्या बाजूला ऋण, याचा अभ्यास करत होते. १९९० मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी या विभवाचा एक गणिती गुणधर्म सिद्ध केला: अणुकेंद्रकं सोडली तर त्याला कुठेही कमाल बिंदू असू शकत नाही. गद्रे यांना १९९३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच १९९३ मध्ये शिरसाट, लिमये आणि गद्रे यांनी परमवर चालणारा ‘इंडमॉल’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं पुंजयांत्रिकी गणित अनेक प्रोसेसरांत वाटून देणारा हा प्रोग्रॅम पुण्यात लिहिला गेला होता आणि पुण्यातल्याच यंत्रावर चालत होता.

पुढच्याच वर्षी या गटाने मोठ्या रेणूंसाठी एक युक्ती मांडली. रेणू मोठा झाला की पुंजगणिताचा खर्च भयानक वेगाने वाढतो. मग शिंपी जसा कापड बेतून तुकडे कापतो आणि पुन्हा जोडून अंगरखा शिवतो, तसे रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, प्रत्येकाचं गणित वेगळं करायचं आणि उत्तरं नीट जोडून घ्यायची. या पद्धतीला त्यांनी ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ असंच नाव दिलं. महागडं यंत्र नसलेल्या प्रयोगशाळेलाही मोठा रेणू हाताळता यावा, हा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्रातल्या या कामाची ओळख म्हणून मला तो विचार सगळ्यांत मोलाचा वाटतो. साधनं कमी होती म्हणून प्रश्न सोडून दिला नाही. प्रश्नाचीच मांडणी अशी केली की कमी साधनांत तो सुटावा.

आकड्यांना रूप देण्याची पायरी मग आपोआप आली. अजय लिमये आणि गद्रे यांनी ‘युनिव्हिस-२०००’ हे चित्रदर्शनाचं सॉफ्टवेअर घडवलं आणि २००१ मध्ये ‘करंट सायन्स’ या बंगळूरहून निघणाऱ्या नियतकालिकात त्याची माहिती दिली. रेणूभोवतीची इलेक्ट्रॉन घनता किंवा विद्युतविभव त्रिमितीत, रंगीत पृष्ठभागांच्या रूपात पाहता येऊ लागलं. पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनभोवती ऋण विभवाचा प्रदेश कुठे आहे हे एकदा असं डोळ्यांनी पाहिलं, की हायड्रोजन बंध त्याच दिशेने का होतो हे वेगळं पाठ करावं लागत नाही. २००९ मध्ये व्ही. गणेश यांनी याच परंपरेतून ‘मेटा स्टुडिओ’ प्रसिद्ध केलं. जावामध्ये लिहिलेलं, वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर चालणारं, आणि वापरणाऱ्याला स्वतःच्या छोट्या आज्ञावली लिहून वाढवता येणारं. लिमये पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घडवलेलं ‘दृष्टी’ हे मुक्त सॉफ्टवेअर आज जीवाश्मांपासून किड्यांपर्यंतच्या त्रिमितीय प्रतिमा पाहण्यासाठी वापरलं जातं.

पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचं केंद्र सुरू झालं होतं आणि डॉ. अशोक कोळस्कर यांच्या काळात तिथे प्रथिनांच्या रचनेचं संगणकी प्रशिक्षण रुजलं. पुण्याच्याच व्हीलाइफ कंपनीचं ‘व्हीलाइफ-एमडीएस’ औषधनिर्माण शास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलं. औषधाच्या रेणूत एखादा गट बदलला तर गुण कसा बदलेल, याचा अंदाज बांधणारे अनेक प्रबंध त्यावर लिहिले गेले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात साधन होतं, शिक्षक होते, परंपरा होती. शाळेतला आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मात्र अजून फळ्यासमोरच होता.

शिकवण्याचं सॉफ्टवेअर वेगळं का

संशोधनाचं सॉफ्टवेअर सोपं केलं की शिकवण्याचं होईल, असं वरवर वाटतं. तसं होत नाही. संशोधकाला बरोबर उत्तर हवं असतं. विद्यार्थ्याला आपलं चुकीचं उत्तर चुकीचं का, ते पाहायला मिळायला हवं.

रसायनशास्त्राच्या शिक्षणावर काम करणारे ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टोन यांनी या विषयाची अडचण तीन कोपऱ्यांत मांडली. एका कोपऱ्यात डोळ्यांना दिसणारं जग: उकळणारं पाणी, निळा मोरचूद. दुसऱ्यात न दिसणारे कण. तिसऱ्यात चिन्हं आणि समीकरणं. शिक्षक या तिन्ही कोपऱ्यांत सहज ये-जा करतो आणि विद्यार्थी वाटेतच हरवतो. जगभरच्या अभ्यासांतून मुलांच्या त्याच त्या समजुती पुढे आल्या आहेत. वायूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते. तापवलं की अणू स्वतः फुगतात. पाणी उकळलं की त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. या समजुती व्याख्येने हटत नाहीत. मुलाने भाकीत करावं, कण हलताना पाहावेत, भाकीत फसावं, आणि मग त्याने स्वतः कारण शोधावं, तेव्हा त्या हटतात.

असं साधन घडायला आधी यंत्र घरगुती व्हावं लागलं. १९९३ च्या सुमारास रॉजर सेल या तरुण इंग्रज प्रोग्रॅमरने ‘रॅसमॉल’ मूळ संकेतासह फुकट वाटलं. लाखो रुपयांच्या ग्राफिक्स यंत्रांवर दिसणारी प्रथिनं साध्या पीसीवर फिरू लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि असे प्रोग्रॅम उतरवून घेणं इथल्या कॉलेजांनाही शक्य झालं. पुढे ‘जेमॉल’ आलं, जे ब्राउझरमध्येच रेणू दाखवतं. हे सगळे रेणू फिरत होते, पण आतून हलत नव्हते.

ती पायरी अमेरिकेतल्या काँकॉर्ड कन्सॉर्शियममधल्या चार्ल्स शिए आणि सहकाऱ्यांनी ‘मॉलिक्युलर वर्कबेंच’मधून ओलांडली. यात आण्विक गतीचं खरं गणित विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर चालतं. कोलोराडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ प्रकल्प सुरू केला. त्यातलं ‘पदार्थाच्या अवस्था’ हे सिम्युलेशन उघडा. डब्यात कोणते कण घ्यायचे ते निवडायला मिळतं: निऑन, अरगॉन, ऑक्सिजन किंवा पाणी. अरगॉन निवडला आणि थंड केला की कण एकमेकांना चिकटून थरथरत बसतात. तापवला की रांग मोडते. रहमान यांनी १९६४ मध्ये एका देशाला पुरेल एवढ्या यंत्रावर जो पदार्थ हलवला, तोच पदार्थ त्याच आकर्षण-प्रतिकर्षणाच्या तत्त्वावर आज नववीतल्या मुलीच्या मोबाइलवर वितळतो.

अशी सॉफ्टवेअर घडवताना जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांत शिक्षकाची समज लागते. कण त्रिमितीत दाखवायचे की द्विमितीत? द्विमितीत डबा सपाट होतो, पण मागचा कण पुढच्यामागे लपत नाही आणि मुलाला प्रत्येकाचा माग ठेवता येतो. किती कण घ्यायचे? फार थोडे घेतले तर तापमान या सरासरीला अर्थ उरत नाही, फार घेतले तर जुना फोन गुदमरतो. काळ किती हळू करायचा? पडद्यावरच्या एका सेकंदात साधारण एक पिकोसेकंदाची हालचाल दाखवली, तर प्रत्यक्षातला एक सेकंद पुरा व्हायला तीस हजार वर्षांहून अधिक काळ तो पडदा पाहत बसावं लागेल. हा आकडा वर्गात सांगायला हवा, कारण आपण एका प्रचंड वेगवान जगाकडे फार संथ गतीने पाहतो आहोत हे मुलाला कळलं पाहिजे. कणांना रंग द्यायचा असेल, तर खरा अणू रंगीत नसतो हेही कुठेतरी नोंदवायला हवं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुलाच्या हातात कोणत्या कळा द्यायच्या? तापमान वाढवण्याची, झाकण दाबण्याची, कणांमधलं आकर्षण कमी करून पाहण्याची. शेवटची कळ तर खऱ्या प्रयोगशाळेत कधीच मिळत नाही. आकर्षण शून्य केलं की कितीही थंड केलं तरी वायूचा द्रव होत नाही, हे एका मिनिटात दिसतं आणि ‘आदर्श वायू’ ही संकल्पना कायमची कळते.

मानखुर्द आणि पवई

साधन हातात आलं तरी प्रश्न कोणत्या भाषेत पडणार, हा महाराष्ट्राचा स्वतःचा प्रश्न उरतोच. त्यावरचं काम संगणकाच्या आधीच सुरू झालं होतं. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केलं. ते आज मानखुर्दला आहे. त्याची उभारणी करणारे वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम करताना त्यांना दिसलं, की पाठ्यपुस्तकाची जड, घडवलेली भाषा हाच अनेक मुलांसमोरचा मोठा अडसर आहे, आणि ती मराठी मातृभाषा असलेल्या मुलांनाही आडवी येते. भाषा सोपी केली की मुलं बोलू लागतात, विचारू लागतात. विज्ञानशिक्षणाच्या संशोधनात या निरीक्षणाला फार मोठं स्थान मिळायला हवं होतं.

२००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यातून पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प वाढला. सुमारे दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, सोबत समजावणारा आवाज, आणि तो आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. जेमॉल, ॲव्होगाड्रो, जीकेमपेंट ही रेणू काढण्याची आणि पाहण्याची मुक्त सॉफ्टवेअर या मालिकांत आहेत. शिक्षक नसला तरी विद्यार्थी धडा थांबवून शेजारच्या खिडकीत तीच कृती करून पाहतो, अशी ती रचना आहे. सी-डॅकच्या मुंबई केंद्राने अमृता विश्वविद्यापीठाबरोबर नववी ते बारावीसाठी ‘ओ-लॅब्ज’ या आभासी प्रयोगशाळा घडवल्या. फेटची अनेक सिम्युलेशनंही मराठीत भाषांतरित झाली आहेत.

हे सगळं मोलाचं आहे. तरीही यातला मोठा भाग दुसऱ्या भाषेत घडलेल्या साधनाला मराठी पाट्या लावण्याचा आहे. ‘तापवा’, ‘थंड करा’ अशा कळा मराठीत आल्या म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम कुलकर्णींनी दाखवलं होतं: मुलाच्या अनुभवातून, त्याच्या बोलीतून निघणारा प्रश्न.

पुन्हा वागळे इस्टेट

१९९० नंतर वागळे इस्टेटचं रूप बदललं. अनेक कारखाने बंद पडले किंवा दूर गेले. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणानंतर त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. लेथ आणि प्रेस चालत होते त्या रस्त्यांवर आता प्रोग्रॅम लिहिले जातात. या इमारतींच्या भोवती किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या दाट वस्त्या आहेत. तिथली मुलं महापालिकेच्या आणि मराठी माध्यमाच्या शाळांत नववीला रसायनशास्त्र शिकतात आणि पुढे चेंदणीच्या बांदोडकर कॉलेजात किंवा कल्याणच्या बिर्ला कॉलेजात विज्ञान घेतात.

या साठ वर्षांच्या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. यंत्र स्वस्त होत गेलं म्हणून रेणू आपोआप खाली उतरला नाही. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी तो मुद्दाम खाली आणला. सेल यांनी मूळ संकेत वाटून टाकला. पुण्याच्या गटाने मोठा रेणू लहान यंत्रात बसवला. पवईच्या गटाने त्याला इथल्या भाषांचा आवाज दिला. आज मराठी मुलासाठी पुढची पायरी बांधायला जे लागतं, ते सगळं जवळ आहे. समीकरण रहमान यांच्या निबंधापासून सर्वांसाठी खुलं आहे. मुक्त परवान्याचे प्रोग्रॅम आहेत. फोन घरोघरी आहे. प्रोग्रॅमर तर वागळे इस्टेटच्या प्रत्येक मजल्यावर आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण दहावीपर्यंत विज्ञान मराठीतूनच शिकले आहेत.

करायचं काम ठोस आहे. इंटरनेटशिवाय, जुन्या फोनवरही चालेल असं एक छोटं मराठी सिम्युलेशन. सुरुवात मुलाने रोज पाहिलेल्या गोष्टींपासून: कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, पावसाळ्यात पापड का सादळतात, माठातलं पाणी गार का होतं. आधी भाकीत विचारावं, मग कण हलावेत, मग कारण मराठीत लिहायला जागा असावी. माठातून बाष्प होऊन निसटणारे रेणू हे सगळ्यांत वेगवान असतात आणि ते गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते, हे मुलाने स्वतः कण मोजून शोधावं. शिक्षकाला आकडे बदलता यावेत, नवा प्रश्न घालता यावा. कुठल्या कळेने मुलं गोंधळतात हे विज्ञानशिक्षकांनी सांगावं आणि प्रोग्रॅमरने ती दुसऱ्या दिवशी बदलावी. यासाठी महासंगणक लागत नाही. चार-पाच माणसांनी सहा महिने मन लावून करावं एवढंच हे काम आहे.

१९६२ मध्ये या जागी जे महामंडळ जन्मलं, त्याने रसायनं बनवणारे कारखाने गावोगावी नेले. त्या कारखान्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना रसायन म्हणजे काय ते आतून पाहण्याचा हक्क आहे. तो हक्क देणारं साधन ठाण्यात, मराठीत घडू शकतं. ते ठाण्यानेच घडवावं, असं मला मनापासून वाटतं.